लय गरीब घोडी

भाजे,
गुरुवार, दुपार

प्रिय सवे,

पत्र बघून काळजात धस्स होऊ देऊ नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी आई तर इतकी धडधाकट आहे, की दोन दिवस झाले माझ्याशी अबोला धरलाय आणि अजून दमलेली नाही. 'पत्रास कारण की' असं लिहून लगेच कारण सांगायची पद्धत असते, पण मी कारण शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिलं तर पुढं हात चालायचा नाही, मी मला ओळखून आहे. आणि फोन का नाही केला, हे तुला सांगायला नको. तुझा फोन सासूबाई स्पीकरवर टाकायला लावतात, मग मी इकडून 'जेवलात का' आणि तू तिकडून 'हो, बरंय सगळं', एवढ्यावर संपतं. म्हणून हे आपल्या शेजारच्या अनिताच्या हाती देतोय. तिची कंपनी तुमच्या आंबीतच आहे, ती तुला शनिवारी गिरणीवर गाठेल. तिथंच वाच. घरी न्यायचंच झालं तर दळणाच्या डब्यात पिठाखाली ठेव.

गेल्या रविवारी तू गिरणीवरूनच अनिताच्या फोनवर बोललीस. मागं चक्कीचा आवाज होता, पण मला सगळं ऐकू आलं. तू म्हणालीस, "आबा, त्या गोळ्या खाल्ल्या की हात जड होतात. पोळी लाटता लाटता मध्येच थांबते मी. चार दिवस घरी येऊ का?" आणि मी काय म्हणालो? म्हणालो, दिल्यात तर घे गं, शांत राहा, सगळं निवळतं. आणि मग लगेच घोडीचं सांगत बसलो, घोडीला गिऱ्हाईक आलंय म्हणून. तू "बरं" म्हणालीस. पूर्वी तू एवढ्या लवकर कधी 'बरं' म्हणायची नाहीस. एका गोष्टीवर माझ्याशी तासभर भांडायचीस, आणि वर जेवायला वाढताना पुन्हा सुरू करायचीस. ते 'बरं' रविवारपासून माझ्या कानातून जाईना.

आता घोडीचंच सांगतो, कारण बाकीचं त्यातूनच निघालंय. चिमणीला तू फोटोतच पाहिलंयस. मागच्या हिवाळ्यात अकलूजच्या घोडेबाजारातून आणली. तांबूस रंग, कपाळावर बोटभर पांढरं, अंगावरचे केसांचे भोवरे सगळे जिथल्या तिथं. बाजारात तिच्याभोवती ढोल काय, फटफट्या काय, कर्णे काय, नुसता धिंगाणा होता, आणि ही आपली मान खाली घालून उभी. विकणारा म्हणाला, "पाव्हणं, लय गरीब घोडी हाय. पोटाखालनं जाऊन दावतो." आणि खरंच तो पोटाखालून या बाजूचा त्या बाजूला गेला. मी वीस वर्षं लोणावळ्याला पॉइंटवर घोडी फिरवलेला माणूस, मला कोण फसवणार! ऐटीत घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईनं अंगणात धुतलेली चादर झटकली, आणि चिमणीनं दावं तोडून जी धूम ठोकली ती मळवलीच्या फाटकापाशी सापडली. तोंडाला फेस, अंगभर थरथर. तेव्हा कळलं की बाजारात तिला काहीतरी चारलेलं होतं आणि त्याचा अंमल उतरला होता. त्या माणसाला मी वर्षभर शिव्या दिल्या. आंघोळ करताना, खरारा करताना, चहा गार झाला तरी त्यालाच. तुझी आई म्हणायची, अहो, उचकी लागून मेला असेल तो एव्हाना.

बुजरी म्हणजे किती बुजरी, काय सांगू! लेण्यांकडं येणाऱ्या कुणी छत्री उघडली की ही आडवी. वेफर्सची रिकामी पिशवी वाऱ्यानं उडाली की ही मागच्या दोन पायांवर नाचतेय. एकदा कुठल्यातरी पोरांनी विसापूरच्या वाटेवर ते गुणगुणणारं ड्रोन उडवलं, तर चिमणी मला घेऊन कणीसवाल्या बाईच्या शेगडीवरून उडी मारून गेली. बाईचं काही गेलं नाही, पण तिनं मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पर्यटकाला बसवायची सोय नाही, वरातीला न्यायची सोय नाही. नुसती चंदी खाऊन डोळे वटारून उभी. वर आता माझे गुडघे असे, की पळत्या घोडीमागं धावणं व्हायचं नाही. विकायची म्हटलं तर बुजरी घोडी घेणार कोण?

मग आपला ओंकार, तो पुण्याकडं घोडेस्वारी शिकवतात तिथं कामाला आहे ना, तो एक डबा घेऊन आला. तिथल्या भारीतल्या घोड्यांना देतात म्हणे, शर्यतीच्या आधी घाबरू नयेत म्हणून. डब्यावर घोड्याचं चित्र, अगदी जेवून झोपायच्या बेतात असलेलं. अनितानं वाचून दाखवलं: मॅग्नेशियम, अश्वगंधा, ब्राह्मी आणि आणखी दोनतीन नावं, ती तिलाही उच्चारता आली नाहीत. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, कोंड्यात गूळ घालून. मी आधी स्वतः जिभेवर ठेवून बघितली. चवीला खडू. तुझी आई दारातून बघत होती, म्हणाली, "तुम्हीच खा सगळी, घोडीपेक्षा तुम्हालाच गरज हाय." मग म्हणाली, घोडीला ब्राह्मी आणि अश्वगंधा, आणि मला ताप आला तर स्वतः उठून काढा करायचा.

पहिले आठ दिवस काही नाही. नवव्या दहाव्या दिवसापासून फरक दिसायला लागला. जादू वगैरे नाही हं. डोळ्यांचं वटारणं कमी झालं. छत्री उघडली की अंग चोरायची, पण उधळायची नाही. मी खूश! गावभर सांगत सुटलो. ज्याला त्याला अंगणात आणून चिमणीच्या तोंडासमोर टॉवेल झटकून दाखवायचो. ओंकार म्हणाला, आबा, ही नुसती धार कमी करायची चीज आहे, एकदा जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, ती कशाला भिते ते बघा. मी म्हटलं, बघायचं काय त्यात, तिच्या अंगात खोडच आहे.

तरी लस टोचायला कामशेतचे जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांना म्हटलं बघा. एरवी चिमणीनं त्यांना जवळ उभं केलं नसतं, पावडरीमुळं उभी राहिली, एवढं पावडरीचं मानलं पाहिजे. डॉक्टरांनी बॅटरी काढली, डोळ्यांत उजेड पाडला, इकडून हात फिरवला, तिकडून फिरवला. मग मला विचारलं, "आबा, ही बुजली ते प्रसंग आठवा. वस्तू कुठल्या बाजूनं आली होती?" मी आठवायला लागलो. चादर डावीकडून. छत्री डावीकडून. ड्रोनसुद्धा डाव्या खांद्यावरून आलं होतं. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यात बारीक निळसर पडदा आहे, या बाजूनं तिला जवळजवळ दिसत नाही. आणि गंमत बघ, गंमत कसली डोंबलाची, घोड्याजवळ जायचं ते डावीकडून, खोगीर कसायचं डावीकडून, चढायचं डावीकडून. मला माझ्या बापानं तसंच शिकवलं आणि मी दहा जणांना तसंच शिकवलं. म्हणजे वर्षभर जो येईल तो तिच्या आंधळ्या बाजूनंच येत होता. तिला काही कळायच्या आत कुणीतरी अंगाला हात लावायचं, पोटाला पट्टा आवळायचं. ती उडाली की आम्ही म्हणायचो, बुजरी आहे, खोडीची आहे. मी दुसऱ्या दिवशी उजवीकडून गेलो, आधी नुसता "चिमणे" म्हणून आवाज दिला, मग हात ठेवला. सवे, ती कान टवकारून माझ्याकडं वळली आणि नाक माझ्या खिशात घातलं.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं की पावडरीनं नुकसान नाही, पण हिच्यावर लहान मुलाला बसवू नका, पावडर संपली आणि डाव्या बाजूनं काही आलं तर ही उधळणार. मी मान हलवली. आणि तरीसुद्धा, आता खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो, लोहगडवाडीचा आदिनाथ घोडी मागायला आला तेव्हा मी त्याला डोळ्याचं सांगितलं नाही. त्यानं घरी पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय केलीय, शनिवार-रविवार मुंबईचे लोक मुलंबाळं घेऊन येतात. त्याला मुलांना बसवायला शांत घोडी पाहिजे होती. मी म्हटलं, ये मंगळवारी, बघ. आणि रविवारपासून मी चिमणीची पावडर दुप्पट केली. त्याच रविवारी, ज्या रविवारी तुझा फोन आला. तुला 'शांत राहा' म्हणून मी फोन ठेवला आणि उठून कोंड्यात चार चमचे कालवले. तेव्हा मला यात काहीच दिसलं नाही.

परवा मंगळवारी सकाळी आदिनाथ आला, बरोबर त्याची लेक, सहा वर्षांची, दोन वेण्या, एक सुटलेली. आल्या आल्या तिनं मला चिमणीबद्दल सतरा प्रश्न विचारले. ही काय खाते, हिला आई आहे का, ही रुसते का. मला तुझी आठवण झाली. तुला तरी कुठं थांबता यायचं! चिमणी खुंट्याजवळ उभी होती, मान खाली, खालचा ओठ लोंबलेला. आदिनाथनं टाळी वाजवली, डबा वाजवला, मोबाईलवर मोठ्यानं गाणं लावलं. ती हलली नाही. त्यानं लेकीला उचलून तिच्या पाठीवर बसवलं, डावीकडूनच बसवलं, तरी हलली नाही. पोरगी वरून हसत होती. आदिनाथनं घोडीच्या मानेवर थाप मारली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा, लय गरीब हाय की ओ ही!"

मी "व्हय, लय गरीब" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द तिथंच अडकला. कारण तेच वाक्य तेवढ्याच शब्दांत मी आधी एकदा बोललो होतो. चार वर्षांपूर्वी, आपल्याच ओसरीवर. आंबीचे पाहुणे तुला बघायला आले होते. निलेशरावांच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरगी लय गरीब दिसते." आणि मी म्हणालो, "व्हय, लय गरीब."

सवे, त्या दिवसाचं तुला काय आठवतं मला माहीत नाही. त्याआधी दोन स्थळं परत गेली होती. एकाला तू विचारलंस, लग्नानंतर मला चिक्कीच्या दुकानातलं काम करू द्याल का. दुसरा बोलता बोलता चष्मा पुसायला गेला आणि तो चहात पडला, तर तू इतकी हसलीस की पाहुणे उठून गेले. खरं म्हणजे मलाही हसू आलं होतं. पण लोक बोलायला लागले, 'त्या निवृत्तीची पोरगी उधळी आहे', आणि मला ते लागलं. तिसऱ्या खेपेला तू सकाळपासून घाबरलेली होतीस. डोकं दुखतंय म्हणालीस. मी तुला अर्धी गोळी दिली आणि सांगितलं, डोकेदुखीची आहे. ती डोकेदुखीची नव्हती. तुझ्या आईच्या ऑपरेशननंतर तिला झोप लागावी म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या होत्या, त्यातली होती. पाहुणे येईतो तुझे डोळे जड झाले. तू खाली मान घालून पोह्यांच्या बश्या ठेवल्यास, विचारलं तेवढ्याचं 'हो' 'नाही' सांगितलंस, आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसलीस. पाहुण्यांना पसंत पडली. मलाही, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी तू फार पसंत पडलीस. मी म्हटलं, बघा, एवढीशी गोळी, आणि कसं सगळं नीट झालं. वर्षभर मी ज्या अकलूजवाल्याला शिव्या देत होतो, त्यानं फक्त घोडी विकली होती.

आता तुझी सासू म्हणते की दाखवली तेव्हा गरीब होती, आणली आणि उलटून बोलायला लागली, भांडं पडलं की दचकते, रात्री ओरडून उठते, हिच्या डोक्यात काहीतरी आहे. म्हणून महिन्यापूर्वी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या आणि तुला रोज खायला लावल्या. आणि मी? तू सांगितलंस, भांडं पडलं की मी दचकते आबा, आणि मी विचारलंसुद्धा नाही की भांडं कसं पडतं, कोण पाडतं. डॉक्टरांनी घोडीसाठी मला जे विचारलं, ते मी माझ्या लेकीला चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. लाज वाटते गं लिहिताना.

आदिनाथला मी सगळं सांगितलं. पावडर, डोळा, दुप्पट चमचे, सगळं. त्यानं आधी लेकीला खाली उतरवलं, कडेवर घेतलं. मग म्हणाला, "आबा, माझी लेक बसवली व्हती मी तिच्यावर. तुमी बघत व्हता." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दारापर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, सांगितलंत ते बरं केलंत, पण आधी सांगायला पायजे व्हतं. पोरगी त्याच्या खांद्यावरून चिमणीला टाटा करत होती. चिमणी आता कुठं जात नाही, आपल्याकडंच राहील. पावडर हळूहळू कमी करतोय, आणि अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, उजवीकडून ये आणि आधी आवाज दे.

ते गेल्यावर मी तुझ्या आईजवळ चुलीपाशी जाऊन बसलो आणि गोळीचं सांगितलं. तिला आजवर माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "कंची गोळी? माझी?" मी हो म्हटलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. भाकरी वाढते, पण ताट सरकवताना माझ्याकडं बघत नाही. काल मात्र ती माझ्याबरोबर लोणावळ्याला डॉक्टरांकडं आली, ज्यांनी तिला त्या झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या त्याच डॉक्टरांकडं. अनितानं रविवारी गिरणीवर तुझ्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढून आणला होता, तो दाखवला. ते म्हणाले, माणूस न बघता अशा गोळ्या द्यायच्याच नसतात. पण महिनाभर खाल्ल्या असतील तर एकदम बंदही करायच्या नाहीत, तिला माझ्याकडं घेऊन या, मी हळूहळू सोडवतो. तर सवे, आपल्या मनानं काही बंद करू नकोस, दोन दिवस जसं चाललंय तसं चालू दे. आज सकाळी तुझ्या आईनं तुझी गादी वरून काढून उन्हात टाकलीय. मला काही सांगितलं नाही, पण गादी उन्हात आहे.

तर पत्रास कारण की, येत्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी आणि तुझी आई आंबीला येतोय, ओंकारच्या टेम्पोतून. निलेशराव घरी असतील असाच दिवस धरलाय, कारण तुला चोरून आणायची नाही. त्यांच्यासमोर आणि त्यांच्या आईसमोर मी ती अर्धी गोळी सांगणार आहे. म्हणतील, तुम्ही आम्हाला फसवलंत. म्हणू देत, फसवलं आहेच. पण ते मी, तू नाहीस, आणि त्याची भरपाई तू गोळ्या खाऊन करायची नाहीस. मग मी तुला विचारीन, सवे, येतेस का? नाही म्हणालीस तर तुझं बोलणं शिरसावंद्य मानून परत जाईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारायला येईन. हो म्हणालीस तर आहेस त्या कपड्यांवर टेम्पोत बैस, सामानाचं मी बघतो. मागच्या वेळी तुझ्या वतीनं मी बोललो होतो. या वेळी मी तोंडातून शब्द काढणार नाही आणि तुझ्या आईलाही काढू देणार नाही. गोळीनं जीभ जड झाली असेल, चटकन बोलता येणार नाही, तर घाई करू नकोस. कुणी काही म्हणो, कितीही वेळ लागो, तुझं तू सांगेपर्यंत मी त्या दारात उभा आहे.

तुझाच,
आबा